एक जागं, एक झोपलेलं

‘‘अहो, पण या दोघी झोपतात कधी?’’

२ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून ‘तारिणी’ निघाली, त्या बातमीवर आमच्या हिने केलेला हा पहिला प्रश्न. मी लाटांचा, वादळांचा, दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या केप हॉर्नचा विचार करत होतो. हिची सगळी नोकरी परिचारिकेची, त्यातली बरीचशी रात्रपाळीत गेलेली. तिला आधी झोपच आठवणार. मी उज्जैनच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. समुद्र पाहिलाय तो किनाऱ्यावर उभं राहून, चपला हातात धरून. पण पुढचे आठ महिने भिंतीवरच्या जगाच्या नकाशात मी तारिणीच्या खुणा करत राहिलो, शिडाच्या बोटीवर संसार करणाऱ्या जोडप्यांविषयी हाती लागेल ते वाचत राहिलो. जितकं वाचलं तितका हिचा प्रश्न मोठा होत गेला. दोन माणसं महासागर ओलांडतात कशी, हे समजून घ्यायचं तर सुरुवात झोपेपासूनच करावी लागते.

आधी बातमीपुरतं सांगतो. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. कोझिकोडच्या आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. पुदुच्चेरीच्या. या दोघींनीच ‘तारिणी’ या ५६ फुटी शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. मोहिमेचं नाव ‘नाविका सागर परिक्रमा २’. गोव्याहून ऑस्ट्रेलियातलं फ्रीमॅंटल, तिथून न्यूझीलंडचं लिटलटन, मग फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली, मग केपटाऊन, आणि २९ मे २०२५ ला परत गोवा. पंचवीस हजार सागरी मैलांहून जास्त अंतर. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा हिशेब साधारण ४७ हजार किलोमीटरच्या घरात जातो. इंजिन बोटीत असतं. पण अशा परिक्रमेत बोट पुढे न्यायची ती शिडाच्याच जोरावर. त्या दोघी नवरा-बायको नव्हेत, सहकारी आहेत. पण दोनच माणसं, एकच बोट आणि चहूकडे पाणी, हे गणित जोडप्याचं असो की मैत्रिणींचं, सुटतं एकाच रीतीने.

उज्जैनच्या माणसाला यात रस का, असं आमच्या गल्लीतही विचारून झालं. इथून जवळचा समुद्र खंबातच्या आखातातला, तोही तीन-साडेतीनशे किलोमीटरवर. पण रेखावृत्त हा विषय उज्जैनचा घरचा आहे. आपल्या जुन्या ज्योतिषांनी शून्य रेखावृत्त मानलं ते उज्जैनवरून जाणारं, आजच्या मोजणीत ७५ अंश ४६ मिनिटं पूर्व. क्षिप्रेकाठी सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे. ती मोडकळीस आली तेव्हा १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाकडे सोपवली. शाळेची मुलं घेऊन मी तिथे जायचो तेव्हा सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या सूर्यघड्याळाच्या, सावलीपाशी उभं करून सांगायचो, की तुमच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा उज्जैनचे बारा वाजायला सरासरी २७ मिनिटं बाकी असतात.

नकाशावर या रेखावृत्तावरून दक्षिणेला बोट फिरवत गेलं, की ते कोझिकोडवरून जातं. जवळजवळ तंतोतंत. दिलना आमच्याच रेषेवरची निघाली याचा मला झालेला आनंद घरात कुणालाच कळला नाही. तिथून पुढे समुद्रच. विषुववृत्त आणि उज्जैनचं रेखावृत्त जिथे एकमेकांना छेदतात त्या जागेला सिद्धांतग्रंथांत ‘लंका’ म्हटलंय. ती श्रीलंका नव्हे, गणितातली लंका. नकाशावर पाहिलं तर तिथे नुसतं पाणी आहे, मालदीवच्या पूर्वेला, उघडा हिंदी महासागर. गोव्याहून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या बोटीला आमची रेषा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. नकाशावर ती खूण मी लाल पेन्सिलीने केली.

आता झोप.

समुद्रावर रात्री बोट कडेला लावून झोपता येत नाही. जमीन हजार मैलांवर, पाणी चार-चार किलोमीटर खोल, नांगर टाकायचा कुठे? बोट चालतच राहते. सुकाणू धरायला ऑटोपायलट असतो, नाहीतर वाऱ्याच्या दिशेवर चालणारं एक यांत्रिक पातं असतं. त्यामुळे चोवीस तास हातात चक्र धरून बसावं लागत नाही. पण बघावं लागतं. का, ते भूगोलाच्या मास्तराने सांगायलाच हवं. बोटीच्या कॉकपिटात उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून साधारण तीन मीटर उंच. तिथून क्षितिज फक्त सहा किलोमीटरवर असतं. समोरून येणाऱ्या मालवाहू जहाजाचा तीस मीटर उंचीवरचा दिवा, हवा स्वच्छ असेल तर, पंचवीस किलोमीटरवरून दिसू लागेल. जहाजाचा वेग वीस नॉट, म्हणजे तासाला वीस सागरी मैल, आपला सहा; दोन्ही मिळून ताशी ४८ किलोमीटर. म्हणजे पहिल्यांदा दिवा दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत अर्धा तास. एवढाच. पाऊस किंवा धुकं असेल तर त्याहूनही कमी. हल्ली एआयएस नावाचं यंत्र जवळच्या जहाजाचं नाव, वेग, दिशा पडद्यावर दाखवतं आणि घंटाही वाजवतं. पण जिच्याकडे ते यंत्र नाही किंवा बंद आहे, त्या बोटीचं काय? म्हणून एकट्याने प्रवास करणारे दर्यावर्दी वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेतात. गजर, वर येऊन चहूकडे नजर, पुन्हा आडवं.

दोघांचं सुख हे, की एकाला खरंखुरं झोपता येतं.

त्यासाठी पहारे लावतात. तीन तास तू, तीन तास मी, किंवा चार-चार. काही जोडपी रात्रीचे सरळ सहा-सहा तासांचे दोन भाग करतात. दिवसा थोडी ढिलाई चालते, रात्रीची वेळ मात्र घड्याळाबरहुकूम. पहाऱ्यावरचं माणूस दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षितिज गोल फिरून पाहतं, शिडाचा फुगीरपणा पाहतं, कुठला दोर कशावर घासतोय का ते पाहतं आणि दर तासाला वहीत नोंद करतं: अक्षांश, रेखांश, दिशा, वाऱ्याचा जोर, वायुभारमापकाचा आकडा, बॅटरी किती उरली. वायुभार भराभर उतरायला लागला की वहीतली अक्षरं आपोआप लहान आणि नीट होतात म्हणे.

याचा परिणाम कुणाच्या लक्षात येत नाही, तो असा: चोवीस तास पंधरा-सतरा मीटरच्या बोटीत राहणारी ही दोन माणसं एकमेकांना फारशी भेटतच नाहीत. एक जागं असतं तेव्हा दुसरं झोपलेलं असतं. वाऱ्या-पावसात अंथरूणही एकच वापरतात, बोटीच्या मधोमध, सगळ्यात कमी हलणाऱ्या जागेतलं. एकाची ऊब जायच्या आत दुसरं त्यात शिरतं. हे वाचून हिला हसू आलं. आमच्या लग्नाची पहिली वर्षं अशीच गेली. मी शाळेतून यायचो तेव्हा ती ड्यूटीला निघालेली असायची, सकाळी ती यायची तेव्हा माझी डबा भरून निघायची घाई. दाराशी दोन मिनिटं बोलणं व्हायचं तेही दूध, बिल, गॅस एवढंच. ‘‘तेव्हा भांडायला सवड नव्हती,’’ ही म्हणाली, ‘‘म्हणून टिकलं.’’

दाराशी होणारी ती दोन मिनिटं बोटीवर दहा मिनिटांची असतात आणि सगळ्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची असतात. उतरणारं माणूस चढणाऱ्याला सांगतं: वारा नैऋत्येचा आहे, वीसच्या आसपास, मधूनच तीसपर्यंत जातो, मोठं शीड दोनदा आखडलेलं आहे, तसंच राहू दे, तासाभरापूर्वी एक जहाज डावीकडून मागे गेलं, पंपाचा आवाज मला बरोबर वाटत नाही, उजेड झाला की उघडू, थर्मासात चहा आहे. मग चढणाऱ्याचे डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोघं शेजारी बसतात. हिच्या मते हॉस्पिटलात निम्म्या चुका होतात त्या याच वेळी, घरी जायच्या घाईत सांगायचं राहून गेलेल्या एका वाक्यामुळे. समुद्रावर जुन्या जोडप्यांनी यावर एक नियम केलेला आहे: शंका आली की झोपलेल्याला उठवायचं, आणि उठवलं म्हणून झोपलेल्याने रागवायचं नाही. दुसरा भाग पाळायला अवघड. पण तो पाळला नाही, तर तिसऱ्या रात्री पहाऱ्यावरचा उठवायला कचरतो, आणि घात होतो तो तिथे.

झोपेचीही एक कला आहे. बंकच्या उघड्या बाजूला जाड कापडाची आडभिंत बांधतात, नाहीतर बोट कलंडली की माणूस जमिनीवर. कानापासून वीतभर अंतरावर, बोटीच्या भिंतीपलीकडे, पाणी धावत असतं. पहिले तीन-चार दिवस झोप लागतच नाही. मळमळ, डोकं जड, जेवणावर वासना नाही. मग शरीर तो आवाज स्वीकारतं. आणि एकदा स्वीकारला, की आवाज बदलला तरच जाग येते. कितीतरी दर्यावर्द्यांनी लिहिलंय, की वारा फिरल्याचं वरच्यापेक्षा खाली झोपलेल्याला आधी कळतं.

स्वयंपाकाकडे येऊ. बोटीतला स्टोव्ह दोन खुंट्यांवर टांगलेला असतो, बोट कलली तरी तो सपाटीत राहतो. भांडं सरकू नये म्हणून त्याला चिमटे, आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या कमरेमागे पट्टा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. खवळलेल्या समुद्रात स्वयंपाक करताना उघड्या पायांनी उभं राहू नये, पावसाळी विजार घालावी, असं जाणते सांगतात. उकळतं पाणी मांडीवर सांडलं तर डॉक्टर तीन आठवड्यांच्या अंतरावर. मला आवडलेली गोष्ट म्हणजे आपला प्रेशर कुकर. जगभरची शिडाच्या बोटीवरची जोडपी त्याच्यावर जीव टाकतात. झाकण घट्ट बसतं, उलटा झाला तरी अन्न सांडत नाही, इंधन कमी लागतं, आणि रात्रीच्या पहाऱ्यावाल्याला त्याच कुकरमधून खिचडी खाता येते. शिल्लक भात-डाळ म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो, ते पन्नास अंश दक्षिणेला पक्वान्न असतं.

ताज्या भाजीचा क्रम ठरलेला. पहिल्या आठवड्यात पालेभाजी आणि टोमॅटो संपवायचे. केळ्यांचा घड नेला तर सगळी केळी एकाच दिवशी पिकतात. मग सकाळी केळं, दुपारी केळं, रात्री केळं. कोबी महिनाभर टिकतो, बाहेरची पानं काढत जायचं. कांदे, बटाटे, लसूण, लिंबं शेवटपर्यंत साथ देतात, फक्त हवा लागली पाहिजे आणि सडका एक बटाटा वेळीच उचलला पाहिजे. कधीच फ्रीजमध्ये न ठेवलेली अंडी मधूनमधून उलटीपालटी केली, तर कित्येक आठवडे चांगली राहतात. आणि मोड आलेले मूग. परदेशी दर्यावर्दी हे मोठी युक्ती म्हणून लिहितात. आपल्या नौदलाच्या परिक्रमांमध्ये म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचं तयार जेवणही गेलेलं आहे, पाकीट गरम केलं की झालं. पण दीड महिना पाकिटातलं खाल्ल्यावर माणसाला फोडणीचा वास हवासा होतो, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

पाणी मोजून. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी ते बिघडेल असं धरूनच टाक्या भरतात. भांडी खाऱ्या पाण्याने धुवायची, शेवटचं विसळणं तेवढं गोड्याने. अंघोळ बादलीने, खाऱ्या पाण्याची, आणि साबणाच्या वडीला त्यात फेस येत नाही म्हणून शॅम्पू. पाऊस आला की शिडाखाली बादल्या. कपड्यांत मीठ एकदा शिरलं की हवेतला ओलावा ओढून घेतं. वाळलेला शर्ट संध्याकाळी पुन्हा दमट. दक्षिण महासागरात तर बोटीच्या आतल्या छतावर श्वासाची वाफ निवून थेंब गळतात. तारिणीवर पारा एक अंशापर्यंत उतरला होता आणि वाऱ्याने पन्नास नॉट, म्हणजे ताशी ९३ किलोमीटर, गाठले होते. तशात अर्ध्या रात्री ‘ऊठ, शीड आखडायचंय’ अशी हाक आली की ओल्या मोज्यांत पाय घालायचे.

वादळात जोडपी भांडत नाहीत. सगळीकडे हेच वाचलं. कामं इतकी असतात आणि भीती इतकी खरी असते, की आवाज चढवायला फुरसत नाही. भांडणं होतात ती वारा पडल्यावर. विषुववृत्ताच्या आसपास निर्वात पट्टा आहे. गोव्याहून फ्रीमॅंटलला जाताना तो लागतोच. समुद्र तेलासारखा, शीड लोंबतंय, पण जुन्या लाटा अजून हलताहेत, त्यामुळे दर हेलकाव्याला डोलकाठीवरचं सगळं सामान फाड-फाड आपटतंय. दिवसाला तीस मैलसुद्धा नाहीत. डोक्यावर ऊन. अशा वेळी चमचा जागेवर का नाही, गोडं पाणी कुणी जास्त वापरलं, घोरतं कोण, हे विषय निघतात. दार आपटून बाहेर जाण्याची सोय नाही. फार तर बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन पाठ करून बसायचं, पट्टा अडकवून.

हा पट्टा म्हणजे हार्नेस. बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टी ताणलेली असते, तिला स्वतःला अडकवल्याशिवाय रात्री कॉकपिटबाहेर पाऊल टाकायचं नाही. दुसरा झोपलेला असताना तर जायचंच नाही, आधी त्याला उठवायचं. कारण सरळ आहे. सहा नॉट वेग म्हणजे सेकंदाला तीन मीटर. पहाऱ्यावरचा माणूस पडला आणि खाली झोपलेल्याला एक मिनिटाने कळलं, तरी तो १८५ मीटर मागे राहिलेला असतो. दोन मीटरच्या लाटांत एवढ्या अंतरावरून माणसाचं डोकं दिसत नाही. आणि एका मिनिटात कळणार कसं? पहारा संपायच्या वेळी जाग आली, वर आलो, तर कॉकपिट रिकामं, ही प्रत्येक जोडप्याच्या मनातली भीती आहे. दिवसभर पडणाऱ्या लहानसहान गाठी, कड्या, खटके, त्या सगळ्यांमागे हीच एक गोष्ट उभी असते.

नवरा-बायकोंच्या प्रवासांत मला सगळ्यात विलक्षण वाटलं ते स्मीटन जोडपं. माइल्स स्मीटन ब्रिटिशांच्या हिंदी लष्करातला अधिकारी, म्हणजे आपल्या मातीशी ओळख असलेला. तो, त्याची बायको बेरिल आणि मित्र जॉन गझवेल हे ‘त्झू हांग’ या बोटीतून केप हॉर्नकडे निघाले. १४ फेब्रुवारी १९५७ ला एका प्रचंड लाटेने बोट शेपटाकडून उचलून कोलांटी उडवली. सुकाणूवर बेरिल होती. तिचा बांधलेला दोर तुटला, ती पाण्यात फेकली गेली आणि खांद्याजवळचं हाड मोडलेलं असताना पोहत परत आली. डोलकाठ्या गेल्या होत्या, छपराला मोठं भगदाड पडलं होतं. तिघांनी बादल्यांनी पाणी उपसलं, गझवेलने आतल्याच लाकडाने भगदाड बुजवलं आणि ते चिलीच्या किनाऱ्याला लागले. इतकं झाल्यावर माणूस काय करेल? या दोघांनी बोट दुरुस्त केली आणि त्याच वर्षाच्या शेवटी, आता दोघंच, पुन्हा निघाले. बोट पुन्हा उलटली. पुन्हा डोलकाठ्या गेल्या, पुन्हा चिली. पुढे १९६८ मध्ये त्यांनी केप हॉर्नला वळसा घातलाच.

दुसरं जोडपं मॉरिस आणि मॅरलिन बेली. १९७३ च्या मार्चमध्ये गॅलापागोसच्या वाटेवर एका देवमाशाच्या धडकेने त्यांची बोट बुडाली. मॅरलिनला पोहता येत नव्हतं. पुढचे जवळजवळ चार महिने ते एका रबरी तराफ्यावर होते. सेफ्टी पिन वाकवून गळ केले, कासवं धरली, पावसाचं पाणी साठवलं. जहाजं दिसत होती आणि न बघता निघून जात होती. मॉरिसने आशा सोडली होती. मॅरलिन त्याला पुढची बोट कशी असेल, तिच्यात कपाटं कुठे असतील, पहिल्या जेवणाला कोणाला बोलवायचं, हे विचारत राहिली. ३० जूनला एका कोरियन मासेमारी जहाजाने दोघांना उचललं. नंतर त्यांनी खरंच दुसरी बोट केली आणि पॅटागोनियाला गेले. माझ्या मते दोघं असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच: दोघांचा धीर सहसा एकाच दिवशी सुटत नाही.

एकट्याचं काय होतं ते आपल्या लोकांनी पाहिलंय. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत कमांडर अभिलाष टॉमी यांची बोट दक्षिण हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला दुखापत झाली आणि ते बंकवरून उठूही शकेनात. तीन दिवसांनी एका फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना वाचवलं. चहा करून द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं. तेच टॉमी पुढे २०२३ मध्ये त्याच शर्यतीत दुसरे आले आणि नंतर दिलना-रूपांचे मार्गदर्शकही झाले.

या सगळ्या कथेच्या मुळाशी मराठी माणसं आहेत, त्यांची नावं घ्यायला हवीत. भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णीला राहत, समुद्रापासून चांगलेच लांब. त्यासाठीची ‘म्हादेई’ ही बोट बांधली गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी. तारिणीही त्यांच्याच कारखान्यातली. आणि ती परिक्रमा पहिल्यांदा पुरी केली कमांडर दिलीप दोंदे यांनी, १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून मे २०१० मध्ये परत येऊन. तारिणीवरून २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा जणींनी प्रदक्षिणा केली. सहा जणींत पहारे वाटले की झोप भरपूर. २०२४ मध्ये त्याच बोटीवर दोघीच गेल्या, यातला फरक हिने एका झटक्यात पकडला होता.

दिलना आणि रूपा यांचा सगळ्यात लांब टप्पा लिटलटन ते पोर्ट स्टॅन्ली, ४ जानेवारी २०२५ पासून सुमारे दीड महिना. निघाल्यावर थोड्याच दिवसांत १८० अंश रेखावृत्त लागतं. पूर्वेकडे जाताना ते ओलांडलं की एक तारीख दोनदा मोजायची. आणि पन्नास अंश दक्षिणेला बोट दिवसाला दीडशे मैल पूर्वेकडे गेली, तर माध्यान्ह रोज पाव तास आधी येते. म्हणजे पहाऱ्याच्या वेळाही सरकत राहतात. कालची मध्यरात्र आजची मध्यरात्र नसते. ३० जानेवारीला त्या पॉइंट निमोजवळून गेल्या. पॅसिफिकमधली ही जागा कुठल्याही जमिनीपासून सगळ्यात दूर आहे, जवळात जवळचं बेट २,६८८ किलोमीटरवर. डोक्यावरून चारशे किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या अंतराळ स्थानकातली माणसं त्यांना सगळ्यात जवळची. तिथलं पाणी त्यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी बाटल्यांत भरून घेतलं. १५ फेब्रुवारीला केप हॉर्न ओलांडलं. जगातल्या त्या सगळ्यात एकाकी पाण्यातही दोघींपैकी कुणीतरी एक, बहुतेक वेळ, गाढ झोपलेली असणार. मला वाटतं, शौर्य मोजायचंच असेल तर सुकाणू धरणारीचं मोजतात तसं त्या झोपणारीचंही मोजावं. बाहेर तसा वारा असताना दुसरीच्या भरवशावर डोळे मिटणं ही काही हलकी गोष्ट नव्हे.

निवृत्तीनंतर बोट घेऊन जगभर फिरू, असं म्हणणारे दोघं-तिघं मला हल्ली भेटतात. फोनवर चित्रफिती पाहून हे खूळ शिरतं. त्यांना माझा सल्ला साधा असतो. आधी घरातच आठ रात्री तीन-तीन तासांचे पहारे लावून पाहा, गजराने उठा, वहीत नोंद करा, दुसऱ्याला चहा करून उठवा. आठव्या सकाळी दोघं बोलत असाल तर पुढचं बघू. आणि घरात पोरं-नातवंडं असतील, तर त्यांच्यासाठी समुद्राची वाट बघत बसू नका. शिडाची बोट माणूस शिकतो ती तळ्यातल्या लहान होडीवर. भोपाळच्या मोठ्या तलावावर ते शिक्षण मिळतं. शेजारच्या देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तिथेच शिकली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने आयएलसीए-४ प्रकारात रौप्यपदक मिळवलं. उज्जैनहून भोपाळ रेल्वेने चार तासांच्या आत आहे.